फर्मा जिथे फसला ती संख्या

४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. अर्थसंकल्पाच्या एखाद्या तक्त्यात हा आकडा छापून आला, तर कुणाचीही नजर त्यावर अडणार नाही. गणितात मात्र या दहा अंकी संख्येला स्वतःचं चरित्र आहे. सतराव्या शतकातल्या एका फार मोठ्या गणितज्ञाने तिच्या कुळाबद्दल एक विधान केलं. ते ९२ वर्षं कुणी खोडलं नाही आणि खोडलं गेलं तेव्हा त्यासाठी एक सरळ भागाकार पुरला. तिच्या अलीकडच्या दोन संख्याही काही कमी नाहीत. एक भूमितीतल्या जुन्या कोड्याची हद्द सांगते, दुसरी आपल्या संगणकांच्या पोटात बसलेली आहे. लागोपाठच्या तीन पूर्ण संख्यांचे स्वभाव इतके वेगळे असावेत, याचं मला सर्वांत जास्त नवल वाटतं.

आधी तिला शाळेतल्या कसोट्या लावून पाहू. प्रश्न साधा आहे: ही संख्या मूळ आहे की तिचे अवयव पडतात? शेवटचा अंक ७, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ बाद. ७, ११ आणि १३ या तिघांसाठी एकच युक्ती पुरते. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि एक गट सोडून एक वजा करत जायचं. ७ × ११ × १३ = १००१ होतात, म्हणून ही युक्ती चालते. इथे गट पडतात २९७, ९६७, २९४ आणि ४. हिशेब होतो २९७ − ९६७ + २९४ − ४, म्हणजे उणे ३८०. ३८० ला ७ ने, ११ ने किंवा १३ ने भाग जात नाही, म्हणून आपल्या संख्येलाही जात नाही. पाठ असलेल्या कसोट्या इथे संपतात. पुढे भागाकार करत बसायचं. तेही कुठवर? या संख्येचं वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे आहे आणि तिथपर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. त्यांतल्या एकीनेही भाग गेला नाही, तरच आपली संख्या मूळ ठरणार.

आता तिचं कूळ पाहू. २ घ्या आणि वर्ग करत सुटा: २, ४, १६, २५६, ६५,५३६ आणि मग ४,२९,४९,६७,२९६. प्रत्येकात १ मिळवा: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७. यांना आज फर्मा संख्या म्हणतात. पिएर द फर्मा हा फ्रान्समधल्या तुलूझच्या न्यायालयातला अधिकारी. गणित हा त्याचा फावल्या वेळचा उद्योग. पुस्तक छापायच्या भानगडीत तो पडला नाही. जे सुचेल ते पत्रांतून मित्रांना कळवायचा आणि समोरच्याला कोड्यात टाकायचा. १६४० मध्ये फ्रेनिकल आणि मेर्सेन यांना लिहिलेल्या पत्रांत त्याने सांगितलं, की अशा रीतीने तयार होणाऱ्या सगळ्याच संख्या मूळ आहेत असं आपल्याला वाटतं. पूर्ण सिद्धता हाती नाही, हेही त्याने कबूल केलं होतं. पण विश्वास दांडगा होता.

विश्वासाला आधारही होता. ३, ५, १७ आणि २५७ मूळ आहेत हे कुणीही पाहून सांगेल. ६५,५३७ ला थोडी मेहनत लागते: २५६ पर्यंतच्या ५४ मूळ संख्यांनी भागून पाहायचं. तीही मूळ निघते. पाचपैकी पाच. सहावी दहा अंकी आहे, पण आकृतिबंध इतका देखणा की मोडेल असं वाटतच नाही.

फर्माने ही सहावी संख्या नुसत्या हमाली कष्टाने तपासायची ठरवली असती, लहान मूळ संख्यांपासून ओळीने भागत गेला असता, तर ११६ व्या भागाकाराला तिचं पितळ उघडं पडलं असतं. ६,५४२ पैकी ११६ वा! दोन-तीन दिवसांचं काम. त्याहून चुटपुट लावणारी गोष्ट पुढे आहे. ही हमाली टाळण्याचं साधन याच माणसाने, याच वर्षी शोधलं होतं. १६४० च्या ऑक्टोबरमध्ये फ्रेनिकलला लिहिलेल्या पत्रात आज ‘फर्माचं छोटं प्रमेय’ म्हणून शिकवतात ते विधान आहे. एखादी मूळ संख्या घ्या. तिने भाग न जाणारी कुठलीही संख्या, मूळ संख्येतून एक वजा करून जो आकडा येईल तितक्या वेळा स्वतःशी गुणा. त्या गुणाकाराला मूळ संख्येने भागलं की बाकी १ च उरते. उदाहरणार्थ मूळ संख्या ७ घेतली, तर ३ चा सहावा घात ७२९ आणि ७२९ ला ७ ने भागल्यावर बाकी १.

उलट बाजूने पाहिलं तर ही कसोटी होते. बाकी १ आली नाही, तर संख्या मूळ नाही. अवयव सापडो वा न सापडो. आता ही कसोटी आपल्या संख्येला २ घेऊन लावली तर काय होतं? २ चा ३२ वा घात आपल्या संख्येपेक्षा बरोबर एकने लहान आहे, म्हणजे बाकी ‘उणे एक’ धरायची. त्याचा वर्ग केला की बाकी १. पुढे कितीही वेळा वर्ग करा, १ चा वर्ग १ च. आपल्याला जायचं आहे ४,२९,४९,६७,२९६ व्या घातापर्यंत आणि तिथे नुसते वर्ग करत करतच पोचता येतं. म्हणजे बाकी १ येणारच. संख्या कसोटीला उतरली! हे कुळातल्या प्रत्येक संख्येबाबत होतं, ती मूळ असो वा नसो. थोडक्यात, २ हा इथे फितूर साक्षीदार आहे. त्याच्या जागी ३ ला उभं केलं, ३२ वेळा वर्ग करून दर वेळी बाकी घेतली, तर शेवटी १ येत नाही आणि प्रकरण तिथेच मिटतं. दहा अंकी संख्यांचे ३२ वर्ग आणि ३२ भागाकार म्हणजे शाईचा खर्च आहे, पण अशक्य काही नाही.

दुसरी वाटही त्याच्याच अंगणातून जात होती. त्याच वर्षी त्याने २ च्या ३७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येचा अवयव शोधला होता: २२३. तो कसा सापडला? या संख्येचा कुठलाही मूळ अवयव ७४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असला पाहिजे, हे त्याने आधी ओळखलं. ७४ ची तिप्पट अधिक १ म्हणजे २२३. हाच विचार आपल्या संख्येला लावायचा राहून गेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

ही वाट पुढे लेओनार्ड ऑयलर चालला. १ डिसेंबर १७२९ रोजी ख्रिश्चन गोल्डबाखने मॉस्कोहून सेंट पीटर्सबर्गला त्याला पत्र लिहिलं आणि शेवटी ताजा कलम जोडला: फर्माचं हे विधान तुम्हाला माहीत आहे का? ऑयलर तेव्हा बावीस वर्षांचा होता. सुरुवातीला त्याने फारसा रस दाखवला नाही. गोल्डबाखने मात्र पिच्छा सोडला नाही. १७३२ मध्ये ऑयलरने उत्तर दिलं ते असं, की ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ ने भाग जातो. कसं शोधलं हे त्या वेळी त्याने सांगितलं नाही. सिद्धता पुढच्या काळात आली.

ती अशी. समजा एखाद्या मूळ संख्येने आपल्या संख्येला भाग जातो. मग त्या मूळ संख्येने भागताना २ च्या ३२ व्या घाताची बाकी ‘उणे एक’ आणि ६४ व्या घाताची बाकी १. त्याआधी कुठल्याही घाताला बाकी १ येऊ शकत नाही, म्हणजे दोनच्या घातांच्या बाक्यांचं चक्र बरोबर ६४ पावलांचं. फर्माचं छोटं प्रमेय सांगतं, की मूळ संख्येतून एक वजा केलेल्या घातालाही बाकी १ यायलाच हवी. म्हणून त्या आकड्याला ६४ ने भाग जायलाच हवा. निष्कर्ष: अवयव असेल तर तो ६४ च्या पटीत १ मिळवलेला. आता यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे पाचव्या भागाकाराला उत्तर. पुढे १८७८ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं, की ६४ च्या जागी १२८ घेतलं तरी चालतं. मग मूळ संख्यांपैकी उरतात २५७ आणि ६४१. त्यातली २५७ याच कुळातली आहे आणि कुळातल्या दोघींचा अवयव कधी सामाईक नसतो. तीही बाद. म्हणजे ६४१ हा पहिलाच आणि अचूक घाव. ६,५४२ वरून ११६, ११६ वरून ५, ५ वरून १: डोकं वापरल्याने हात किती वाचतात, याचं याहून नेमकं माप माझ्या पाहण्यात नाही.

पडताळा कागदावर करून पाहू. दुसरा अवयव आहे ६७,००,४१७. त्याला ६०० ने गुणलं की ४,०२,०२,५०,२००. ४० ने गुणलं की २६,८०,१६,६८०. आणि एकदा तो स्वतः, ६७,००,४१७. पहिल्या दोघांची बेरीज ४,२८,८२,६६,८८०. तिच्यात शेवटचा मिळवला की ४,२९,४९,६७,२९७. झालं.

गुणाकाराने खात्री पटते, पण ६४१ च का, हे कळत नाही. त्यासाठी ६४१ कडे दोन अंगांनी पाहावं लागतं. एकीकडून ६४१ म्हणजे ६४० अधिक १ आणि ६४० म्हणजे ५ गुणिले १२८. दुसरीकडून ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. या दोन गोष्टी एकाच संख्येत जुळून आल्या आहेत, बाकी सगळं आपोआप होतं. ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केला, तर उरलेल्याला ६४१ ने भाग जातो, कारण त्याचे अवयव पाडताना ६४० + १ हा एक अवयव निघतोच. ही संख्या आहे १,६७,७७,२१,५९,९९९. आता ६४१ ला २ च्या २८ व्या घाताने, म्हणजे २६,८४,३५,४५६ ने गुणा. येतात १,७२,०६,७१,२७,२९६. हीसुद्धा उघडच ६४१ च्या पटीतली. या दोन संख्यांची वजाबाकी करा:

१,७२,०६,७१,२७,२९६ − १,६७,७७,२१,५९,९९९ = ४,२९,४९,६७,२९७

६४१ च्या दोन पटींमधला फरक ६४१ च्याच पटीत असणार. एकही भागाकार न करता सिद्धता पुरी झाली. मला विचाराल तर ऑयलरच्या शोधाइतकीच ही वजाबाकी सुंदर आहे.

६७,००,४१७ चे आणखी तुकडे पडतात का? नाही. त्याच्याही अवयवांना १२८ ची अट लागू आहे आणि वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. त्या हद्दीत अटीत बसणाऱ्या मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. पाचही वेळा बाकी उरते. म्हणजे आपली संख्या दोनच मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनली आहे, एक तीन अंकी आणि एक सात अंकी.

ऑयलरनंतर ऐंशी वर्षांनी, १८१२ मध्ये, अमेरिकेतल्या व्हरमाँटचा झिरा कोलबर्न हा आठ वर्षांचा मुलगा लंडनमध्ये तोंडी हिशेबांचे कार्यक्रम करत होता. त्याला कुणीतरी हीच संख्या घातली आणि मूळ आहे का म्हणून विचारलं. पोराने सांगितलं, नाही, ६४१ गुणिले ६७,००,४१७. कागद नाही, पेन्सिल नाही. लंडनच्या विद्वानांना ऑयलरचं उत्तर माहीत होतं, म्हणूनच त्यांनी हा प्रश्न निवडला असणार.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. संख्यांची गंमत म्हटली की मराठी वाचकाला देवळालीचे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आणि त्यांची ६१७४ ही संख्या आठवते. ते रास्तच आहे. पण ६१७४ ची जादू तिच्या अंकांत आहे. अंक चढत्या आणि उतरत्या क्रमाने मांडायचे, वजा करायचे, पुन्हा तेच. दहाऐवजी आठाच्या किंवा सोळाच्या पायात संख्या लिहायला लागलो, तर ती जादू टिकत नाही. ४,२९,४९,६७,२९७ चं तसं नाही. ती कुठल्याही पायात लिहा, रोमन अक्षरांत लिहा, खडे मांडून दाखवा, तिला ६४१ ने भाग जातच राहणार. उलट दोनाच्या पायातच ती खरी ओळखू येते: एक, मग एकतीस शून्यं, मग एक.

आता अलीकडच्या घरात जाऊ. आपल्या संख्येतून २ वजा केले की ४,२९,४९,६७,२९५. शेजारणीचे अवयव सापडायला ९२ वर्षं लागली. हिचे मात्र तोंडी पडतात. कारण ही एका वर्गातून १ वजा केलेली संख्या आहे: ६५,५३६ चा वर्ग उणे १. म्हणून ती होते ६५,५३५ गुणिले ६५,५३७. ६५,५३५ पुन्हा तशीच, २५५ गुणिले २५७. २५५ म्हणजे १५ गुणिले १७ आणि १५ म्हणजे ३ गुणिले ५. एकूण ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७. फर्माच्या पाचही मूळ संख्या एकेकदा, बाहेरचं कुणी नाही. कुळातल्या संख्यांत सामाईक अवयव का नसतो, हेही यातून कळतं. एखादी संख्या दोघींना भागत असेल, तर मोठीतून २ वजा केल्यावर जो गुणाकार येतो त्यालाही ती भागेल, म्हणजे २ या फरकालाही भागेल, पण सगळ्या तर विषम आहेत.

याच पाच संख्या १७९६ मध्ये एका वेगळ्याच दारातून पुन्हा आत आल्या. ३० मार्चला कार्ल फ्रिडरिश गाउसने शोधलं, की नुसती पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. तो तेव्हा एकोणीस वर्षांचाही नव्हता. ग्रीकांना त्रिकोण आणि पंचकोन जमले होते, त्यापुढे दोन हजार वर्षं कुणी सरकलं नव्हतं. गाउसचा नियम असा निघाला, की बाजूंची संख्या विषम असेल तर ती फर्माच्या मूळ संख्या एकेकदाच घेऊन केलेल्या गुणाकाराने बनलेली हवी. दुसरी कुठली चालत नाही, ही बाजू १८३७ मध्ये पिएर वाँझेलने पक्की केली. पाच संख्यांतून असे ३१ गुणाकार होतात. सर्वांत लहान ३ आणि सर्वांत मोठा, पाचांनाही एकत्र घेणारा, ४,२९,४९,६७,२९५. विषम बाजूंचा, पट्टी-कंपासने काढता येणारा याहून मोठा बहुभुज आजतागायत कुणाला माहीत नाही. काढून पाहायचा नाद अर्थात कुणी करू नये. योहान हेर्मेस या जर्मन शिक्षकाने ६५,५३७ बाजूंच्या बहुभुजावर दहा वर्षं घालवली आणि १८९४ मध्ये काम पुरं केलं. त्याच्या हस्तलिखिताची पेटी ग्योटिंगेन विद्यापीठात जपून ठेवली आहे.

हे ३१ गुणाकार आपल्याकडच्या मेरुप्रस्तारातही मिळतात. पिंगलाच्या छंदःसूत्रावर लिहिताना दहाव्या शतकात हलायुधाने सांगितलेला हा संख्यांचा डोंगर. पाश्चात्त्य पुस्तकांत पास्कलचा त्रिकोण म्हणून येतो. त्यात विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा आणि प्रत्येक ओळ दोनाच्या पायातली संख्या म्हणून वाचा. येतात १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७… पहिला १ सोडला तर हेच ते बहुभुज. बत्तिसाव्या ओळीत सगळे एकच एक, बत्तीस वेळा, आणि ती ओळ म्हणजे ४,२९,४९,६७,२९५. चार अब्जांच्या भानगडीशिवाय, केवळ सम-विषम पाहून!

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. अर्धा पट, म्हणजे बत्तीस घरं भरली की दाणे होतात बरोबर ४,२९,४९,६७,२९५. एक दाणा २५ मिलिग्रॅमचा धरला तर सुमारे १०७ टन तांदूळ. एवढ्याने राजाचं कोठार रिकामं होत नाही. पण पूर्ण पटाचे दाणे काढायचे तर या अर्ध्या पटाला आपल्या नायिकेने, ४,२९,४९,६७,२९७ ने गुणायचं आणि तिथे राजा बुडतो. म्हणजे राजाने कबूल केलेल्या एकूण दाण्यांचे ६४१ सारखे ढीग करता येतात, एकही दाणा न उरता.

मधली संख्या ४,२९,४९,६७,२९६. गणिताच्या दृष्टीने ती सर्वांत साधी: दोन हा एकच मूळ अवयव, बत्तीस वेळा. व्यवहारात मात्र तिचीच सत्ता आहे. ३२ बिटांच्या संगणकाला एका घरात एवढ्याच वेगवेगळ्या संख्या ठेवता येतात. इंटरनेटवरच्या यंत्रांचे जुन्या पद्धतीचे पत्तेही जास्तीत जास्त एवढेच. जगाची लोकसंख्या त्याहून कितीतरी जास्त. वाटपाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपले. उणे संख्याही ठेवायच्या असतील तर घर अर्धं वाटून द्यावं लागतं आणि धन बाजूची शेवटची संख्या होते २,१४,७४,८३,६४७. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी जुनी यंत्रं १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी या आकड्यावर पोचतील आणि पुढचा सेकंद त्यांना मांडता येणार नाही. हा आकडा मूळ आहे, हे १७७२ मध्ये सिद्ध केलं तेही ऑयलरनेच. तेव्हा तो माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होता आणि हा मान जवळजवळ एक शतक टिकला.

आपल्या तीन शेजाऱ्यांत मात्र मूळ संख्या एकही नाही. आधीची सर्वांत जवळची ४,२९,४९,६७,२९१ आणि नंतरची ४,२९,४९,६७,३११. फर्माचा नेम चुकला, पण फार लांब गेला नव्हता!

कुळाचं पुढे काय झालं? सातवी संख्या वीस अंकी आहे: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७. ती २,७४,१७७ गुणिले ६,७२,८०,४२,१३,१०,७२१ आहे, असं १८८० मध्ये फॉर्च्युने लँड्रीने जाहीर केलं, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. थॉमस क्लाउसेन या खगोलशास्त्रज्ञाने ते १८५५ मध्येच गाउसला पत्राने कळवलं होतं, हे बऱ्याच काळाने उजेडात आलं. आठवीचे अवयव पाडायला १९७० साल आणि संगणक लागला. आठवीपासून बारावीपर्यंत सगळ्यांचे अवयव आता पूर्ण पाडून झाले आहेत. तेराव्या संख्येचे काही अवयव मिळाले आहेत, काही उरले आहेत. फर्माने पाच तपासल्या त्या मूळ होत्या. त्यानंतर ज्यांचा निकाल लागला त्यांतली एकही मूळ निघालेली नाही. बहुतेक तज्ज्ञांचा कल असा, की मूळ असलेल्या त्या पाचच. सिद्धता कुणाकडेही नाही. एकदा पोळल्यावर आता कुणी छातीठोकपणे बोलत नाही एवढंच.

संख्या मूळ नाही हे कळणं आणि तिचा अवयव हाती लागणं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. २००२ मध्ये कानपूर आयआयटीच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी पहिल्या प्रश्नासाठी झटपट आणि खात्रीची रीत असल्याचं सिद्ध केलं. दुसऱ्या प्रश्नासाठी तशी रीत माहीत नाही आणि इंटरनेटवरची बरीचशी गुप्तता याच अडचणीवर उभी आहे. गंमत अशी, की त्या कुलपांतही फर्मा आहे. आरएसए पद्धतीच्या किल्ल्यांत घातांक म्हणून बहुतेक ठिकाणी ६५,५३७ वापरतात, कारण दोनाच्या पायात तिच्यात दोनच एक येतात आणि हिशेब भरभर होतो. फर्मा कुळातही या दोन गोष्टींमधली दरी दिसते. ज्यांत २ वीस वेळा आणि चोवीस वेळा वर्ग करून १ मिळवला आहे, त्या दोन संख्या मूळ नाहीत हे सिद्ध झालंय, पण त्यांचा एकही अवयव कुणाच्या हाती लागलेला नाही. आणि ३३ वेळा वर्ग करून येणारी संख्या तर मूळ आहे की नाही, हेच ठाऊक नाही. तिच्यात २,५८,५८,२७,९७३ अंक आहेत. ते ठरवायला १८७७ ची पेपँची कसोटी तिला लावायची, तर एवढ्या लांबीच्या संख्यांचे ८५८ कोटींहून जास्त वेळा वर्ग करावे लागतील.

ज्यांना एवढा दम नाही, त्यांनी सातवी संख्या घ्यावी. ल्युकाच्या नियमाने तिचे अवयव २५६ च्या पटीत १ मिळवलेले असतात आणि २,७४,१७७ म्हणजे २५६ ची १,०७१ पट अधिक १. वर दिलेला गुणाकार कागदावरच करा. मोबाइलवरचे साधे कॅल्क्युलेटर वीस अंक पूर्ण दाखवत नाहीत. शेवटचे तीन अंक ६१७ आले नाहीत, तर हातचा कुठेतरी राहिलाय.